आठ कोनांची पाटी

आमचे आजोबा शाळेत गेले नाहीत. १९५० नंतरच्या काही हंगामांत, वाईहून महाबळेश्वरला जाणाऱ्या मोटारींना ते पसरणी घाटात पाणी घालीत. चढावर मोटार खालच्या गिअरवर सावकाश चालते, रेडिएटरला वारा पुरत नाही. त्यातून महाबळेश्वरच्या उंचीवर पाणी १०० ऐवजी सुमारे ९५ अंशांनाच उकळते. हे मी पुस्तकात वाचले. आजोबांच्या मनगटावर त्याचा डाग आहे.

एका बुटक्या, उघड्या मोटारीचे नाव त्यांना ठाऊक नव्हते. "तोंडावर आठ कोनांची पाटी होती," एवढेच ते सांगत. उलगडा आपल्या ग्रंथालयात झाला. ती इंग्लंडातील ॲबिंग्डनच्या कारखान्याची एम.जी. असावी, हे नाव ऑक्सफर्डच्या मॉरिस गॅरेजेसवरून पडले. १९४५ ते १९४९ या काळातील तिच्या टी.सी. नमुन्याचे इंजिन १२५० सी.सी.चे, चाके १९ इंची, तारांची, आणि पत्र्याखालचा सांगाडा चक्क लाकडी! (हे ऐकून आजोबा म्हणाले, "म्हणजे बैलगाडीच की.") तो कारखाना १९८० मध्ये बंद झाला.

मी चित्र दाखवले. आजोबांनी पाटीवर बोट फिरवून कोन मोजले. मग विचारले, "आत काय लिहिलंय रे?"

मी दोन अक्षरे वाचून दाखवली.

"एवढंच?" ते म्हणाले.