लिनक्स फुकट, पण पर्यायी सॉफ्टवेअरचा खर्च किती?

विंडोज 10 ची नेहमीची मोफत अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला थांबली. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षा-चिप आणि साधारण आठव्या पिढीपासून पुढचा इंटेल प्रोसेसर लागतो, म्हणून चांगले चालणारे बरेच जुने संगणक बाद ठरतात. अशा मशीनवर लिनक्स मिंट उत्तम चालतं. रॅम 4 जीबी असली तरी भागतं, आणि उतरवून घ्यायला पैसे पडत नाहीत. खर्च येतो तो जुनी कामं नव्या जागी बसवताना. तो कुणाला शून्य पडतो, तर कुणाला इतका की विंडोज ठेवलेलंच परवडतं.

आधी कामांची यादी

पंधरा दिवस जो जो प्रोग्रॅम उघडाल तो कागदावर लिहा आणि पुढे त्यातलं नेमकं काम टिपा. ‘फोटोशॉपला पर्याय’ शोधत बसलात तर गोंधळ होईल. ‘पासपोर्ट फोटो कापणे’ असं लिहिलंत तर गिंप किंवा ब्राउझरमध्ये चालणारं फोटोपी पुरेसं आहे हे लगेच कळेल.

लिब्रऑफिस, गिंप, इंकस्केप, व्हीएलसी, केडेनलाइव्ह हे सगळं विंडोजवरही मोफत चालतं. तेव्हा संगणक बदलण्याआधी महिनाभर तिथेच वापरून पाहा. हात बसला तर पुढे जा. नाही बसला, तर नुकसान काहीच नाही.

घरचा वापर

बँक, यूट्यूब, वीजबिल, आयकर विवरण ही कामं क्रोम किंवा फायरफॉक्समध्ये आहेत तशी होतात. व्हॉट्सॲप ब्राउझरमधून वापरावं लागतं. झूम, एनीडेस्क आणि टीमव्ह्यूअर लिनक्ससाठी मिळतात. खेळांचं मात्र आधी तपासा. स्टीमवरचे पुष्कळ खेळ चालतात, पण व्हॅलोरंट चालत नाही.

वर्ड-एक्सेल

एमएस-सीआयटीत वर्ड-एक्सेल शिकलेल्यांना ओन्लीऑफिसचा पडदा ओळखीचा वाटतो. लिब्रऑफिसचा आवाका त्याहून मोठा आहे. दोन्ही मोफत आहेत. फाइल उघडल्यावर पानं पुढेमागे सरकली तर आधी फॉन्ट पाहा. कॅलिब्री आणि कँब्रिया लिनक्समध्ये नसतात. त्यांच्याच मापाचे कार्लिटो आणि कॅलॅडिया हे मोफत फॉन्ट टाकले की ओळी बऱ्याच अंशी जागेवर येतात. खरी अडचण एक्सेलच्या मॅक्रोंची. पगारपत्रक किंवा मार्कशीट मॅक्रोवर चालत असेल, तर त्याच फाइलवर चाचणी घेतल्याशिवाय हलू नका.

जुना मराठी मजकूर

मराठी माणसाचा सर्वांत मोठा छुपा खर्च इथे आहे. युनिकोड मजकूर लिनक्सवर व्यवस्थित दिसतो, आणि इनस्क्रिप्ट कळफलक सेटिंगमध्ये तयारच असतो. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधली फाइल मात्र तो फॉन्ट नसेल तर वाचताच येत नाही. तिथे अक्षरांच्या आड इंग्रजी चिन्हं साठवलेली असतात. श्रीलिपीच्या एका प्रचलित प्रकारात ‘म’च्या जागी अंडरस्कोर दिसतो आणि काना म्हणजे छोटा ‘एम’. फॉन्ट टाकला की वाचता येतं, पण टायपिंगचं सॉफ्टवेअर विंडोजवरच राहतं.

यावर उपाय असा: जुन्या फाइलींची विंडोजवरच पीडीएफ करून ठेवा, आणि पुढेही दुरुस्ती लागणार असलेल्या फाइली तेवढ्या युनिकोडमध्ये बदला. मोफत परिवर्तक मिळतात. बदलल्यानंतर रफार, ‘ऱ्य’ आणि जोडाक्षरं नजरेखालून घालावीच लागतात. पन्नास पानांची संस्थेची घटना असेल तर मुद्रितशोधकाचे पैसे हिशेबात धरा.

हिशेब आणि डिजिटल सही

टॅली विंडोजसाठी बनलेलं आहे. ग्नूकॅश घरच्या जमाखर्चाला छान आहे, पण ते जीएसटीची विवरणपत्रं तयार करून देत नाही. वाइन नावाच्या मोफत सॉफ्टवेअरच्या आधाराने विंडोजचे काही प्रोग्रॅम लिनक्सवर चालतात, पण धंद्याची वही त्या भरवशावर ठेवू नये. दुकानदाराने हिशेबाचा एक संगणक विंडोजवरच ठेवावा किंवा महिना भाड्याने क्लाउडवर टॅली घ्यावं. डिजिटल सहीच्या टोकनचा लिनक्स ड्रायव्हर मिळतो का, ते विक्रेत्याला आणि पोर्टलवर आधीच विचारा.

छपाई आणि नकाशे

पेजमेकरच्या जुन्या फाइली लिब्रऑफिस ड्रॉमध्ये उघडतात आणि कोरलच्याही बऱ्याच उघडतात. मांडणी मात्र तपासावी लागते. मासिकाच्या पानांसाठी स्क्रायबस आहे आणि त्यात सीएमवायके रंग नीट सांभाळले जातात. फ्लेक्सवाला कोरलचीच फाइल मागत असेल तर पीडीएफ चालेल का विचारा. ऑटोकॅड लिनक्सवर नाही. लिब्रेकॅड साध्या आराखड्याला पुरतं, पण ऑटोकॅडच्या डीडब्ल्यूजी फाइलींची देवघेव रोजची असेल तर विंडोज सोडू नका.

प्रिंटरचंही पाहून घ्या. एचपीचे बहुतेक प्रिंटर सहज जोडले जातात. दुकानोदुकानी दिसणारा कॅनन एलबीपी 2900 मात्र स्वतःच्या खास ड्रायव्हरवर चालतो आणि लिनक्सवर तो बसवणं किचकट जातं.

खर्चाचा अंदाज

भाव गावागणिक वेगळे आहेत आणि सतत हलतात, हे धरून साधारण आकडे असे:

– 16 जीबी पेनड्राइव्ह: 300 ते 500 रुपये
– लिनक्स आणि वर सांगितलेली मोफत सॉफ्टवेअर: 0 रुपये
– डेटाच्या प्रतीसाठी बाहेरची हार्ड डिस्क: 5,000 ते 7,000 रुपये (घरात असेल तर शून्य)
– जुन्या हार्ड डिस्कच्या जागी 256 जीबी एसएसडी: 2,000 ते 3,500 रुपये (ऐच्छिक, पण वेगात फरक जाणवतो)
– बसवून देणाऱ्याची मजुरी: 500 ते 1,000 रुपये

म्हणजे घरच्या वापरासाठी पाचशे रुपयांतही काम होतं. सगळंच नव्याने घ्यावं लागलं तर आकडा दहा-बारा हजारांपर्यंत जातो. तो जुन्या विंडोजचं लायसन्स वाचवूनही कमी होत नाही, कारण ते तुमच्याकडे आधीच आहे. तुलना करायची ती नव्या लॅपटॉपच्या किमतीशी.

पाऊल टाकताना

पेनड्राइव्हवरूनच लिनक्स चालू करून पाहा. वायफाय, आवाज, प्रिंटर आणि कॅमेरा तपासा. डिस्कवरचं यात काही पुसलं जात नाही. मग डेटाची प्रत काढा आणि मगच डिस्कला हात लावा. यादीत ‘विंडोजच हवं’ असं एखादंच काम उरलं असेल तर दोन्ही प्रणाली शेजारी शेजारी ठेवता येतात. घरगुती ग्राहकांना विंडोज 10 ची वाढीव सुरक्षा-अपडेट नोंदणी केल्यास 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत देऊ केली आहेत. त्यासाठी 30 डॉलर भरावे लागतात किंवा सेटिंगचा बॅकअप चालू करून ती मोफतही मिळतात. यादीत ‘विंडोजच हवं’ अशी तीन-चार कामं निघाली, तर तूर्त विंडोजच ठेवा आणि लिब्रऑफिस त्यावरच वापरायला लागा.