भूमीची शक्ति व कुटुंबाचें आरोग्य

घरांतील आजारपण हटेनासें झालें, कीं ‘जागेंत दोष आहे’ असें सांगणारा कोणी तरी भेटतोच. घराखालून पाण्याची शीर जाते व तिच्या शक्तीनें माणसें खंगतात, ही समजूत आपल्याकडेच आहे असें नव्हे. जर्मनींत गुस्ताव फॉन पोल ह्यांनीं १९२९ सालीं कर्करोगाचा संबंध अशाच शिरांशीं जोडला होता. वराहमिहिराच्या बृहत्संहितेंतही, मनुष्यदेहांतल्याप्रमाणें भूमींतही शिरा आहेत असें म्हटलें आहे. तेथें हेतु मात्र पाणी शोधण्याचा आहे.

आपल्या हिंगोली जिल्ह्याची जमीन बहुतांशीं काळ्या पाषाणाची. पाणी तिच्या मुरुमांत, भेगांत व दोन थरांच्या सांध्यांत सांठतें. मग एकाच घराच्या खाटेखालून दोषी शीर जाते, हें कशावरून मानावें? म्यूनिक येथें १९८७-८८ सालीं कोठाराच्या तळमजल्यावर पाण्याचा नळ सरकवून, वरच्या मजल्यावरून त्याची जागा ओळखण्यास पाणाड्यांस सांगितलें. एनराइट ह्यांनीं १९९९ सालीं ते आंकडे तपासले, तेव्हां यश केवळ अंदाजाहून अधिक ठरलें नाहीं.

तर मग भूमीपासून भय नाहींच काय? आहे, पण तें निराळें आहे. वसमत तालुक्यांतील पांगरा शिंदे येथें जमिनींतून गूढ आवाज ऐकूं येतात. उथळ भूकंपाच्या लहान धक्क्यांबरोबर असा गडगडाट होऊं शकतो. २१ मार्च व १० जुलै २०२४ रोजीं जिल्ह्यांत ४.५ तीव्रतेचे धक्के बसले. किल्लारीस ३० सप्टेंबर १९९३ रोजीं हजारों माणसें दगावलीं, तीं मुख्यतः दगडमातीच्या जड भिंती व माळवदें कोसळून.

म्हणून आमची सूचना अशी:

१. माळवदावरील मातीचा भार कमी करावा, भिंतींत आरपार दगड घालावेत व चहूंबाजूंनीं आडवा पट्टा बांधून घ्यावा.

२. विहिरीचें व कूपनलिकेचें पाणी पावसाळ्याच्या आधीं व नंतर प्रयोगशाळेंत तपासून घ्यावें. जंतु, नायट्रेट व फ्लोराइड डोळ्यांस दिसत नाहींत. फ्लोराइड अधिक असल्यास मुलांच्या दांतांवर डाग पडतात व पुढें हाडें ताठरतात.

३. बंद पडलेल्या विहिरींत एकट्यानें कधींही उतरूं नये. तळाशीं विषारी हवा सांचलेली असते, व वाचविण्यास उतरणाराही तींतच मरतो.

जागेचा दोष काढण्यांत गेलेल्या पैशापेक्षां गेलेले दिवस अधिक महाग पडतात. तेवढ्यांत रोग बळावतो. आजाऱ्यास आधीं वैद्यकीय उपचारास न्यावें, जागेचा विचार मागाहून करावा.