मे महिन्यात न्यूयॉर्कच्या बागेत

प्रश्न : आमची मुलगी न्यू जर्सीत राहते. यंदा मेच्या अखेरीस आम्ही दोघं तिच्याकडे जायचं म्हणतोय. तिच्या ऑफिसातली काही मंडळी पहाटे उठून न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात पक्षी बघायला जातात म्हणे. भोरड्या आणि थापट्या बदकं बघण्यात आमचे बरेच हिवाळे गेले. पण एवढ्या गजबजलेल्या शहरात स्थलांतरित पक्षी कशाला उतरतील? आणि तिथे गाइडबरोबर फिरण्याचा आमच्यासारख्यांना उपयोग होईल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : उतरतात, आणि भोवती शहर आहे म्हणूनच इतके दाटीने उतरतात. मध्य आणि दक्षिण अमेरिकेत किंवा कॅरिबियन बेटांवर हिवाळा काढलेले छोटे पक्षी वसंतात विणीसाठी उत्तरेकडे निघतात. अटलांटिक किनाऱ्यालगतच्या त्यांच्या वाटेवरच न्यूयॉर्क आहे. यांतले बहुतेक रात्री उडतात. रात्रीची हवा थंड आणि स्थिर असते, ससाण्यांची भीती कमी असते आणि दिवस खाण्यासाठी मोकळा राहतो. सूर्यास्तानंतर थोड्याच वेळात ते निघतात, ताऱ्यांच्या आणि पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या आधारे दिशा धरतात आणि उजाडताना खाली येतात. त्या वेळी खाली मैलोगणिक काँक्रीट पसरलेलं असतं आणि त्यात एक ८४३ एकरांचा हिरवा पट्टा असतो. एरवी मोठ्या जंगलात विखुरले असते ते पक्षी इथे एवढ्याशा जागेत गोळा होतात.

त्यातही खरी जागा म्हणजे ‘रॅम्बल’. एकोणिसाव्या शतकात ऑल्मस्टेड आणि व्हॉक्स या जोडीने पार्कची आखणी केली, तेव्हा मुद्दाम रानासारखा ठेवलेला हा भाग. वाकड्यातिकड्या पायवाटा, खडक, ओहोळ आणि ओकची मोठी झाडं. मेच्या सुरुवातीला ओकला तुरे आणि कोवळी पानं येतात, त्यावर बारीक अळ्या येतात, आणि रात्रभर उडून चरबी संपवलेल्या पाखरांना नेमकं तेच हवं असतं. म्हणून नवख्याने आधी पक्षी शोधू नये, तुरे आलेला ओक शोधावा आणि त्याच्याखाली थांबावं.

तुम्हाला तिथे सगळ्यात नवल वाटेल ते वार्बलरांचं. आपल्याकडचे वटवटे हिरवट-तपकिरी, दिसायला इतके सारखे की भलेभले गोंधळतात. अमेरिकेतले वार्बलर वेगळ्याच कुळातले आहेत आणि वसंतात ते विणीच्या पिसाऱ्यात असतात. ब्लॅकबर्नियन वार्बलरच्या नराचा गळा पळसाच्या फुलासारखा पेटलेला असतो. मॅग्नोलिया वार्बलरच्या पिवळ्या छातीवर काळे ओघळ असतात, तर ब्लॅक-अँड-व्हाइट वार्बलर खोडावर वर-खाली सरपटत साल टोकरतो. ब्लॅकबर्नियनचं वजन जेमतेम दहा ग्रॅम, आणि तो अँडीजच्या डोंगरांतून येऊन कॅनडाकडे निघालेला असतो! शिवाय हे पक्षी वाटेतच गायला लागतात. आपल्याकडे येणारे हिवाळी पाहुणे विणीसाठी परत उत्तरेला जातात, त्यामुळे त्यांचं ऐन भरातलं गाणं आपल्या कानांवर क्वचितच पडतं. आणि आपले पाहुणे महिनोन्‌महिने राहतात, एका तळ्यावर तोच थवा पुन:पुन्हा भेटतो. इथले मात्र बरेचसे एक-दोन दिवस खाऊन पुढे जातात. काल दिसलेला पक्षी आज नसतो, आणि तिथली मंडळी रोज पहाटे का येतात, त्याचं कारण हेच.

म्हणूनच गाइडबरोबरची फेरी जरूर करा. पक्षी बोटभर, शेंड्यावर, पानांआड आणि सतत हलणारा असतो. तो आधी कानांनी सापडतो आणि मग डोळ्यांनी, आणि नव्या मुलखातल्या पक्ष्यांचे आवाज पुस्तकातून चटकन शिकता येत नाहीत. गाइड झाडाला घड्याळाची तबकडी मानून पक्ष्याची जागा सांगतात : ‘ओक, दोन वाजता’ म्हणजे शेंड्याच्या उजवीकडे थोडं खाली. ही पद्धत आपल्याकडेही वापरली जाते, त्यामुळे तुम्हाला ती जड जाणार नाही. अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरी, न्यूयॉर्क सिटी बर्ड अलायन्स (२०२४ पूर्वीची एनवायसी ऑडुबॉन) आणि १८७८ पासूनची लिनियन सोसायटी अशा संस्था फेऱ्या काढतात. या परंपरेत स्टार सफीर या बाईंचं नाव फार आदराने घेतलं जातं. त्यांनी इथे कित्येक वर्षं लोकांना पक्षी दाखवले, कर्करोग झाल्यावरही फेऱ्या सोडल्या नाहीत; २०१३ मध्ये त्या गेल्या. ‘बर्डर्स : द सेंट्रल पार्क इफेक्ट’ या २०१२ च्या माहितीपटात त्या आहेत. जाण्याआधी तो बघून घ्या.

दिवस कसा निवडावा? रात्री दक्षिणेचा उबदार वारा असेल तर पक्षी मोठ्या संख्येने निघतात. पहाटे पावसाने किंवा उलट्या वाऱ्याने अडवलं तर असतील तिथे खाली येतात, आणि ती सकाळ सोडू नये. हवामानाच्या रडारवर हे थवे दिसतात; त्यावरून ‘बर्डकास्ट’ ही यंत्रणा रोज रात्रीचा अंदाज देते. न्यू जर्सीहून पेन स्टेशनला उतरलात की सी लाइनच्या गाडीने ८१व्या रस्त्यापर्यंत जाता येतं. तिथून रॅम्बल चालण्याच्या अंतरावर आहे. पार्कला तिकीट नाही. दुर्बीण इथूनच न्या, ८ बाय ४२ पुरेशी आहे. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलवू नका. त्याला त्या दिवशी खायचं असतं, भांडायचं नसतं.

एक कटू गोष्टही सांगायला हवी. शहराचे दिवे या पक्ष्यांना ओढतात आणि उजाडल्यावर काचेतलं झाडाचं प्रतिबिंब त्यांना खरं वाटतं. काचांवर आदळून न्यूयॉर्कमध्ये दर वर्षी ९० हजार ते २ लाख ३० हजार पक्षी मरतात, असा तिथल्या पक्षिप्रेमींच्या संस्थेचा अंदाज आहे. नव्या इमारतींना पक्ष्यांना दिसेल अशी काच बसवण्याचा कायदा शहराने केला आहे, पण जुन्या काचा तशाच आहेत. मुलीच्या घरी मोठ्या खिडक्या असतील तर स्थलांतराच्या दिवसांत रात्री पडदे ओढायला आणि नको ते दिवे मालवायला तिला सांगा.

आणि तिकिटं अजून काढली नसतील तर बेत थोडा अलीकडे घ्या. स्थलांतराचा जोर मेच्या पहिल्या पंधरवड्यात असतो. अखेरीस गेलात तर ओकची पानं दाट झालेली असतील आणि बहुतेक वार्बलर उत्तरेला पोचलेले असतील.