वर्गातील टिपणे कशी घ्यावीत?



दरवर्षी जून महिन्यात अनेक संस्था गरजू मुलांना वह्यावाटप करतात. हे कार्य निश्चितच स्तुत्य आहे. परंतु त्या वहीत काय लिहावे व कसे लिहावे, हे आपल्या मुलांना क्वचितच कोणी शिकवते. ज्या घरातून पहिलीच पिढी कॉलेजची पायरी चढते, तेथे हे सांगणारे कोणी नसते. महागडा क्लास परवडत नाही आणि परीक्षेच्या तोंडावर दुसऱ्याच्या वहीची झेरॉक्स काढण्याची वेळ येते. अशा विद्यार्थ्याला स्वतःच्या हाताने लिहिलेले टिपण हाच खरा आधार आहे.

टिपण म्हणजे शिक्षकांचा शब्दन्‌शब्द उतरवून घेणे नव्हे. शिक्षक मिनिटाला शंभराच्या आसपास शब्द बोलतात. आपला हात त्याच्या चौथ्या हिश्श्याएवढे जेमतेम लिहितो. सर्वच लिहायला गेलात, तर वही भरते पण डोके रिकामे राहते. म्हणून आधी ऐका, समजून घ्या आणि मग निवडून लिहा.

निवड कशी करावी? शिक्षक जे फळ्यावर लिहितात, जे दोनदा सांगतात, ते महत्त्वाचे असते. 'याची तीन कारणे आहेत', 'याउलट', 'थोडक्यात' असे शब्द कानी पडताच पेन सरसावावे. उदाहरणार्थ, संविधाननिर्मितीचा तास चालू आहे. पाऊण तासाच्या व्याख्यानाचे टिपण असे होईल :

संविधान सभा – पहिली बैठक 9 डिसें. 1946
मसुदा समिती – 29 ऑग. 1947, अध्यक्ष डॉ. आंबेडकर
स्वीकार – 26 नोव्हें. 1949
अंमल – 26 जाने. 1950

या चार ओळींत तासाचा सांगाडा आला. पण एवढ्यावर थांबू नये. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाचे वॉल्टर पॉक यांनी 1962 साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या पुस्तकात पानाची एक सोपी मांडणी सांगितली आहे. पानाच्या डावीकडे अरुंद रकाना सोडावा, उजवीकडे टिपण लिहावे आणि तळाशी चार बोटे जागा ठेवावी. डावीकडच्या रकान्यात तास संपल्यावर प्रश्न लिहावेत. वरील टिपणासमोर प्रश्न येईल – 'अंमलासाठी 26 जानेवारीच का?' उत्तर शोधले की कळते, 26 जानेवारी 1930 रोजी देशभर पूर्ण स्वराज्य दिन पाळला गेला होता. असा एक प्रश्न दहा तारखांच्या घोकंपट्टीपेक्षा जास्त शिकवून जातो. तळाच्या जागेत सर्व धड्याचे सार दोन वाक्यांत, स्वतःच्या शब्दांत लिहावे. ते लिहिता आले नाही, तर धडा अजून समजलेला नाही असे खुशाल समजावे आणि दुसऱ्या दिवशी शिक्षकांना विचारावे. विचारण्यात कमीपणा नाही.

यानंतरची पायरी उजळणीची. जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाऊस यांनी स्वतःवर प्रयोग करून 1885 साली दाखवून दिले की, पाठ केलेल्या गोष्टीचा विसर सुरुवातीच्या काही तासांतच सर्वांत झपाट्याने पडतो. आम्हा बँकेत काम करणाऱ्यांचा एक नियम आहे : दिवसाची रोकड त्याच दिवशी जुळवायची. कारण आज राहिलेला दहा रुपयांचा फरक आठवड्याने शोधणे फार जड जाते. टिपणांचेही तसेच आहे. त्याच संध्याकाळी दहा मिनिटे काढून वही उघडा. उजवी बाजू हाताने झाका, डावीकडचे प्रश्न वाचा आणि उत्तरे मनाशी सांगा. मग आठवड्याने एकदा आणि महिन्याने एकदा हेच करा. परीक्षेच्या आदल्या रात्री जागरण करावे लागणार नाही.

हल्ली मोबाईलवर फळ्याचा फोटो काढून घेण्याची सवय झाली आहे. आकृती किंवा तक्त्यासाठी ते ठीक आहे. परंतु फोटो मोबाईलमध्ये राहतो, डोक्यात उतरत नाही.

शेवटी संस्थेच्या सभासदांना एक विनंती. यापुढे वह्या वाटताना त्याच कार्यक्रमात एक तास राखून ठेवावा आणि आपल्यातील एखाद्या शिक्षकाने किंवा पदवीधराने मुलांकडून एक पान टिपण प्रत्यक्ष लिहून घ्यावे. खर्च काही नाही. वही तर वर्षभरात संपेल, पण ही सवय मुलांना जन्मभर पुरेल.