मोटारीची मंद गती : लक्षण, निदान आणि उपाय

प्रास्ताविक

वैद्य रोग्याची नाडी पाहतो, ताप केव्हा चढतो हे विचारतो आणि मगच औषध देतो. यंत्राच्या बाबतीतही हाच क्रम योग्य असतो. परंतु व्यवहारात तो पुष्कळदा उलटा होतो. आधी स्क्रू फिरवला जातो आणि कारण मागाहून शोधले जाते. उभ्या गाडीचे इंजिन अकारण जोरात चालणे किंवा त्याचा वेग सतत वर-खाली होणे, हा जुन्या मोटारींचा नेहमीचा बिघाड आहे. त्याचे निदान कसे करावे, हे या पाठात पाहू.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हाला :
• मंद गती म्हणजे काय, हे सांगता येईल;
• लक्षण आणि कारण यांतील फरक स्पष्ट करता येईल;
• तपासणीच्या पायऱ्या योग्य क्रमाने लिहिता येतील.

मूळ पाठ

मंद गती म्हणजे काय?

ॲक्सिलरेटरवर पाय नसताना इंजिन बंद न पडता ज्या किमान वेगाने फिरत राहते, तो वेग म्हणजे मंद गती. गॅरेजमध्ये याला 'आयडल' किंवा 'स्लो' म्हणतात. बहुतेक जुन्या पेट्रोल गाड्यांत हा वेग मिनिटाला साधारण 750 ते 950 फेरे एवढा असतो; नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत दिलेला असतो.

कार्ब्युरेटरमध्ये हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण होते. मंद गतीच्या वेळी त्यातील थ्रॉटलची झडप जवळजवळ मिटलेली असते. इंजिन हवा ओढत असते, पण वाट अरुंद असते. म्हणून झडपेच्या पलीकडे निर्वात निर्माण होतो. या अवस्थेत हवेची लहानशी चोरवाटही इंजिनाचा ताल बिघडवते. भरधाव वेगात जी गळती जाणवत नाही, ती मंद गतीत लगेच उघडी पडते.

होसकोटे येथील हवा

सतराव्या शतकात शहाजीराजांच्या बंगळूर जहागिरीत असलेले होसकोटे आज बंगळूर-कोलार महामार्गावरील गजबजलेले औद्योगिक गाव आहे. व्होल्वो मालमोटारींचा कारखाना येथे 1998 मध्ये सुरू झाला. नव्या वाहनांच्या या गावातही जुन्या गाड्यांची निगा राखणारे मेस्त्री लागतातच.

समजा, मुंबईच्या एका कुटुंबाने कार्ब्युरेटरची जुनी गाडी होसकोट्याला आणली. मुंबई समुद्रकाठी, तर होसकोटे सुमारे 900 मीटर उंचीवर. एवढ्या उंचीवर हवा सुमारे 8 टक्क्यांनी विरळ असते. कार्ब्युरेटरला हे कळत नाही. तो पेट्रोल जवळजवळ पूर्वीइतकेच सोडतो. परिणामी मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण थोडे वाढते, प्लगवर काजळी धरू शकते आणि इंजिन जड चालते. येथे गाडी बिघडलेली नाही, जागा बदललेली आहे. तिला नव्या जुळवणीची गरज आहे. परंतु तिचा वेग एकदम चढला असेल, तर त्याचे खापर उंचीवर फोडता येणार नाही. कारण दुसरीकडे शोधावे लागेल.

लक्षणे दोन, कारणे अनेक

मंद गती स्थिरपणे चढलेली असेल, तर थ्रॉटल पूर्ण मिटत नसण्याचा संभव अधिक. चोक परत न जाणे, केबल ताणलेली असणे, परत खेचणारी स्प्रिंग सैल होणे, मंद गतीचा स्क्रू जास्त आवळलेला असणे किंवा ठिणगीचे टायमिंग पुढे सरकलेले असणे, ही त्याची कारणे होत. वातानुकूलन असलेल्या काही गाड्यांत एसी सुरू होताच गती वाढवणारी योजना असते. ती अडकली, तरी एसी बंद असताना वेग चढलेला राहतो.

गती अस्थिर असेल, तर हवेची गळती, मंद गतीच्या जेटमधील कचरा, खराब प्लग आणि पॉइंट असलेल्या गाडीत झिजलेले पॉइंट यांच्याकडे लक्ष द्यावे.

तपासणीचा क्रम

1. गाडी मोकळ्या हवेत उभी करावी. बंद गॅरेजमध्ये इंजिन कधीही चालू ठेवू नये. कार्बन मोनॉक्साइड हा वायू डोळ्यांना दिसत नाही, त्याला वास नाही आणि तो प्राणघातक आहे.
2. हँडब्रेक ओढून, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून इंजिन पूर्ण गरम होऊ द्यावे. थंड इंजिनाचा वेग पाहून निष्कर्ष काढू नये.
3. चोक पूर्ण आत गेला आहे का आणि ॲक्सिलरेटरच्या केबलला किंचित ढील आहे का, हे पाहावे. थ्रॉटलचा दांडा हाताने मिटवून पाहावा. वेग उतरला, तर दोष केबल, स्प्रिंग किंवा चोकमध्ये आहे.
4. निर्वाताच्या रबरी नळ्या तडकल्या किंवा निसटल्या आहेत का, हे पाहावे. 'सूं' असा आवाज ऐकू येतो का, याकडे कान द्यावा. एकेक नळी चिमटीत दाबावी. वेग बदलला, तर त्या नळीच्या मार्गात गळती असू शकते.
5. कार्ब्युरेटरखालच्या गॅस्केटभोवती पाण्याचा बारीक फवारा मारावा. प्लगच्या वायरी कोरड्या ठेवाव्यात. वेग क्षणभर बदलला, तर हवा तेथूनच शिरत आहे. या कामी गरम इंजिनावर पेट्रोल शिंपडू नये.
6. शेवटी प्लग, पॉइंट आणि टायमिंग पाहावे. काळा, काजळलेला प्लग जास्त पेट्रोल सुचवतो. पांढुरका प्लग जास्त हवा सुचवतो.

एका वेळी एकच बदल करावा, हा या साऱ्या क्रमाचा प्राण आहे. तीन गोष्टी एकदम बदलल्या, तर गाडी सुधारली तरी दोष कोठे होता हे कळत नाही.

स्क्रू सर्वांत शेवटी का?

गळती तशीच ठेवून स्क्रू ढिला केला, तर आवाज कमी होतो, पण रोग राहतो. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिन चौकात बंद पडते. गळती ब्रेक बूस्टरच्या नळीत असेल, तर धोका याहून मोठा. बूस्टरला इंजिनाच्या निर्वाताचे बळ मिळते. ते कमी झाले की ब्रेक दाबायला जास्त जोर लागतो. म्हणून इंजिन बंद ठेवून ब्रेक चार-पाच वेळा दाबावा, पाय दाबलेला ठेवून इंजिन सुरू करावे. पॅडल किंचित खाली गेले पाहिजे. तसे झाले नाही, तर गाडी रस्त्यावर आणू नये.

दोष दूर झाल्यावरच जुळवणी करावी. हवागाळणी जागेवर असावी, दिवे व एसी बंद असावेत. प्रथम वेगाचा स्क्रू पुस्तिकेतील आकड्यावर आणावा. मिश्रणाचा स्क्रू मोहोरबंद नसेल, तर इंजिन सर्वांत सुरळीत चालेल अशा ठिकाणी तो ठेवावा आणि वेग पुन्हा पाहावा. शेवटी पीयूसी केंद्रावर धूर तपासून घ्यावा. कार्ब्युरेटरच्या पेट्रोल गाडीची ही तपासणी मंद गतीवर होते.

काळ बदलला

1983 मध्ये आलेल्या तीन सिलिंडरच्या मारुती 800 मध्ये प्रथम कार्ब्युरेटर होता. 2000 च्या सुमारास इंधन इंजेक्शन आले. अशा गाडीत मंद गतीची हवा सोडणारी झडप काजळीने अडकली आहे का आणि इंजिनाचे तापमान सांगणारा सेन्सर योग्य काम करतो का, हे पाहावे लागते. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेल्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून निघून गेल्या. गाड्या बदलल्या, साधने बदलली. आधी लक्षण, मग कारण आणि शेवटी उपाय हा क्रम मात्र बदललेला नाही.

पाठगत प्रश्न

1. थ्रॉटल मिटलेला असताना त्याच्या पलीकडे काय निर्माण होते?
2. होसकोटे येथे मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण का वाढते?
3. एका वेळी एकच बदल का करावा?

भाषाभ्यास

'करावे', 'पाहावे', 'ठेवू नये' ही क्रियापदांची रूपे सूचना देण्यासाठी वापरतात. पाठातून अशी पाच वाक्ये शोधून लिहा.

तुम्ही काय शिकलात?

• मंद गतीचा बिघाड हे लक्षण आहे. त्याची कारणे अनेक असू शकतात.
• साध्या, उघड गोष्टी आधी तपासाव्यात. स्क्रू शेवटी फिरवावा.
• हवेच्या गळतीचा संबंध ब्रेकशीही असू शकतो.

स्वाध्याय

तुमच्या व्यवसायातील एखाद्या बिघाडाचे लक्षण, संभाव्य कारणे आणि तपासणीचा क्रम दहा-बारा वाक्यांत लिहा.