उद्योग आणि फळ

नागपुरी संत्र्याचे कलम लाविल्यावर चार-पाच वर्षे फळ हाती येत नाही. तरी बागाईतदार पाणी देणे सोडीत नाही. विद्यार्थी मात्र गुण वाढले नाहीत की लगेच खचतो.

गोल्फच्या खेळात टोले जितके कमी, तितका खेळाडू श्रेष्ठ. अठरा खळग्यांस बहुधा ७२ टोले प्रमाण मानितात. त्यांपैकी ३६ खळग्याभोवतीच्या हिरवळीवरील हळुवार टोल्यांसाठी धरलेले असतात. नवशिका सारा वेळ लांब टोल्यांत घालवितो. मग आकडा कसा उतरावा? त्याचे श्रम व्यर्थ नसतात, परंतु ते एकाच अंगास लागलेले असतात.

कऱ्हाडजवळील गोळेश्वरचे खाशाबा जाधव हे मातीत तयार झालेले मल्ल. १९४८ साली लंडन येथील ऑलिंपिकमध्ये त्यांना गादीवर लढावे लागले व सहावा क्रमांक मिळाला. त्यांनी उमेद न सोडता सराव चालू ठेविला आणि १९५२ साली हेलसिंकी येथे कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय.

म्हणून मित्रहो, निकाल पाहून वही मिटू नका. कोठे चुकले ते तीत लिहा व तोच भाग आधी घोटा. पालकांनीही केवळ गुण न विचारता, आज कोणती उणीव भरून निघाली, हे विचारावे.