खटला संपवायचा तर नीट संपवा

उमरीच्या कोर्टात फौजदारी वकिली करताना एक प्रश्न मला रोज ऐकू येतो, "साहेब, हे कधी मिटंल?" विचारणारा बहुधा शेतकरी किंवा मजूर असतो. तारखेला आला की त्याचा रोज बुडतो, पेरणीच्या दिवसांत तर फारच हाल होतात. तालुक्याला येणारी बहुतेक प्रकरणं बांधावरच्या भांडणाची, जुगाराची, देशी दारूची, सासरच्या छळाची नाहीतर न वटलेल्या चेकची. प्रश्न रास्त आहे. तरी मी प्रत्येकाला सांगतो, "कधी" विचारण्याआधी "कसं" ते विचारा. कबुलीनं, तडजोडीनं, निर्दोष सुटून किंवा शिक्षा होऊन, अशा कोणत्याही वाटेनं खटला संपतो आणि प्रत्येक वाट माणसाला वेगळ्या जागी नेऊन सोडते. या कामातून जे कळलं, ते क्रमानं मांडतो.

१. आधी हातातला कागद वाचा.
हातात नोटीस घेऊन घाबरलेली माणसं कोर्टात येतात आणि कागद असतो तहसीलचा. भांडण पुन्हा होऊ नये म्हणून पोलीस जी चॅप्टर केस पाठवतात, ती तहसीलदारांपुढे कार्यकारी दंडाधिकारी म्हणून चालते. तिथं शांतता राखण्याचं बंधपत्र घेतात. ती गुन्ह्याची शिक्षा नव्हे. गुन्ह्याचा खटला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे चालतो. खून, बलात्कार यांसारखे खटले सत्र न्यायालयात जातात आणि त्यासाठी तालुक्याबाहेर, भोकर-नांदेडकडे जावं लागतं. कलमंही नीट बघा. गावोगाव तोंडपाठ असलेली ३२३, ५०४, ५०६ ही कलमं १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ११५(२), ३५२ आणि ३५१ झाली. घटना त्याआधीची असेल तर जुनंच कलम लागतं. फिर्यादीला एफआयआरची आणि आरोपीला दोषारोपपत्राची प्रत फुकट मिळते. ती मागून घ्या.

२. तारीख चुकवू नका.
साध्या मारामारीत कोठडी न पाहिलेला माणूस तारखा चुकवल्यामुळे बिगरजामिनी वॉरंटात अडकतो, हे वारंवार घडतं. लग्न, आजारपण, पेरणी अशी अडचण कोणालाही येते. त्या दिवशी वकिलामार्फत हजेरी माफीचा अर्ज द्यावा. पुढची तारीख ई-कोर्ट्स ॲपवर दिसते. त्यासाठी आपल्या केसचा सोळा अंकी-अक्षरी सीएनआर क्रमांक घरातल्या एखाद्या शिकलेल्या पोराच्या मोबाइलमध्ये टाकून ठेवा. वॉरंट निघालंच असेल तर पोलीस दारात येण्याची वाट न बघता स्वतः हजर व्हा आणि ते रद्द करून घ्या. आपणहून आलेल्या माणसाकडे कोर्ट वेगळ्या नजरेनं बघतं.

३. जामीन हक्काचा असतो आणि जामीनदारी जोखमीची.
जामीनपात्र गुन्ह्यात जामीन हा हक्क आहे, ती कोणाची मेहेरबानी नव्हे. जामीनदार मिळत नाही म्हणून गरीब माणूस आत राहिला, तर आठवडाभरानं त्याला निर्धन मानून नुसत्या जातमुचलक्यावर सोडावं, असं कायदाच सांगतो. अजामीनपात्र गुन्ह्यात साठ दिवसांत, आणि गंभीर गुन्ह्यात नव्वद दिवसांत, दोषारोपपत्र आलं नाही तर जामीन मागता येतो. पण तो मागावा लागतो, आपोआप हातात पडत नाही. सातबारा आणि ऐपत प्रमाणपत्र घेऊन पाहुण्याला जामीन राहणाऱ्यांनीही विचार करावा. तो फरार झाला तर मुचलक्याची रक्कम तुमच्याकडून वसूल होते.

४. दंड भरून मोकळं झालात, तरी नोंद राहते.
जुगाराच्या केसमध्ये एक तरुण वडिलांबरोबर व्हरांड्यात उभा होता. वडील म्हणाले, "जे काय दंड होईल ते भरून मोकळं करा साहेब, खाडे परवडत नाहीत." मी पोराला विचारलं, "काय करतोस?" तो म्हणाला, "पोलीस भरतीची तयारी." मी दोघांना बाकावर बसवलं. न्यायाधीश "गुन्हा कबूल आहे का?" असं विचारतात, तेव्हा "हो" म्हणणं म्हणजे गुन्हा शाबीत होणं. दंड पाचशे असो की पन्नास, दोषसिद्धीची नोंद राहते. पोलीस भरती असो, पोलीस पाटलाचं पद असो की पासपोर्ट, ती नोंद आडवी येऊ शकते. गुन्हा खरंच केला असेल आणि परिणाम समजून कबुली देत असाल, तर ती प्रामाणिक गोष्ट आहे. नुसता हेलपाटा वाचवायला कबुली देऊ नका. केस चालू असेल तर भरतीच्या अर्जात ती लपवूही नका. माहिती लपवणं हेच नोकरी नाकारण्याचं कारण होऊ शकतं, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१६ च्या अवतार सिंग प्रकरणात स्पष्ट केलं आहे.

५. तडजोड पारावर झाली तरी ती कोर्टापुढे नोंदवा.
साधी मारहाण, शिवीगाळ अशी प्रकरणं आपसात मिटवता येतात. हाड मोडलं असेल तर कोर्टाची परवानगी लागते. कुऱ्हाड, विळा असं हत्यार चाललं असेल, तर दोघांची कितीही इच्छा असली तरी खालच्या कोर्टात तडजोड होत नाही. सासरच्या छळाचं प्रकरण मिटवायचं तर दोन्ही बाजूंना छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात जाऊन फिर्याद रद्द करून घ्यावी लागते. कायदेशीर तडजोड झाली की आरोपी निर्दोष सुटल्यासारखाच असतो आणि लोकअदालतीतल्या निवाड्यावर अपील नसतं. चेकच्या केसेसना तर लोकअदालत फारच सोयीची.

बांधाच्या भांडणात मी आणखी एक गोष्ट आग्रहानं सांगतो. भाऊ-भाऊ गळ्यात पडतात, केस संपते, पण बांध होता तिथंच राहतो आणि पुढच्या जूनमध्ये पुन्हा काठ्या निघतात. म्हणून केस मिटवतानाच भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचे पैसे भरा आणि मोजणीनंतर लागेल ती खूण मान्य, असं दोघांनी लिहून द्या. भांडणाचं मूळ बांधात असेल तर औषधही तिथंच लावलं पाहिजे.

६. दबावानं केलेल्या तडजोडीला मी तडजोड मानत नाही.
जे खटले कायद्यानं मिटत नाहीत, ते गावात "मिटवले" जातात आणि मग साक्षीदार फितूर होतात. पंच म्हणतो, "सही माझी आहे, पण मजकूर माहीत नाही." मारहाण झालेला मजूर म्हणतो, "अंधार होता, ओळखलं नाही." ज्याच्या शेतावर मजुरीला जायचं, ज्याच्या दुकानातून उधारीवर किराणा आणायचा, त्याच्याविरुद्ध साक्ष देणं किती जड असतं ते मी जवळून बघितलं आहे. दलित कुटुंबांवर हा दबाव दुप्पट असतो. अत्याचार प्रतिबंधक कायद्याचा गुन्हा आपसात मिटवता येत नाही. २०१५ च्या दुरुस्तीनं पीडितांना आणि साक्षीदारांना संरक्षण मागण्याचा आणि आरोपीच्या जामिनाच्या वेळी आपलं म्हणणं मांडण्याचा हक्क दिला आहे. तो वापरा. आरोपी सुटला तर पीडितालाही अपील करता येतं. गावातल्या जाणत्या माणसांना माझी हात जोडून विनंती आहे : शांतता राखायची म्हणून दुबळ्याला गप्प बसवू नका. तशी शांतता अन्यायाच्याच बाजूची असते.

७. गुन्हा शाबीत झाला तरी वाटा उरतात.
१९५८ चा अपराधी परिवीक्षा कायदा आपल्याकडे फार कमी मागितला जातो. पहिलाच गुन्हा, लहान वय, हातून घडलेली एखादी चूक, अशा वेळी कोर्ट तुरुंगाऐवजी चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडू शकतं. त्या दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रताही हा कायदा दूर करतो. गुन्हा शाबीत होण्याआधीही, सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या बऱ्याच गुन्ह्यांत प्ली बार्गेनिंगचा, म्हणजे कबुलीच्या बदल्यात कमी शिक्षेचा, अर्ज करता येतो. स्त्रिया आणि लहान मुलांवरचे गुन्हे त्यातून वगळले आहेत. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत दोषारोप निश्चित झाल्यापासून तीस दिवसांची मुदत आहे, म्हणून उशीर नको. पाच हजारांच्या आतली पहिलीच चोरी असेल आणि माल परत केला असेल, तर आता समाजसेवेची शिक्षा होते. चुकलेल्या पोराला तुरुंगात पक्का होऊ देण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

८. पैसे नाहीत म्हणून वकिलाविना उभे राहू नका.
महिला, अनुसूचित जाती-जमातीची माणसं आणि कोठडीतला प्रत्येक माणूस यांना उत्पन्न न बघता सरकारी खर्चानं वकील मिळतो. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा तीन लाखांची आहे. कोर्टातल्या तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा किंवा १५१०० वर फोन लावा. हा वकील फुकटचा म्हणून कमी दर्जाचा, असं समजू नका. त्याला कागद आणि खरी हकीकत द्या. अर्धी हकीकत ऐकून कोणताच वकील पुरी केस लढू शकत नाही.

९. निकालाची नक्कल घरात ठेवा.
निर्दोष सुटल्याच्या आनंदात माणसं थेट स्टँड गाठतात. वर्षं जातात, पोराच्या चारित्र्य पडताळणीत तोच गुन्हा "प्रलंबित" म्हणून पुढं येतो, कारण निकाल पोलिसांच्या नोंदीत चढलेलाच नसतो. म्हणून निकालाची प्रमाणित नक्कल लगेच काढा. एक प्रत ठाण्यात देऊन पोच घ्या आणि मूळ प्रत सातबाराच्या कागदांबरोबर जपा. हे झाल्यावरच "साहेब, मिटलं का?" या प्रश्नाला मी "हो" म्हणतो.